एलईडीतून मोबाइलच्या कॅमेऱ्यात माहिती : आधी कॅमेरा मोजा, मग दिवा जोडा

दर वर्षी प्रोजेक्टचे विषय ठरले की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीवर शेवटच्या वर्षाची पोरं यायला लागतात. गेली काही वर्षं त्यात एक विषय हमखास असतो : एलईडी वेगानं चमकवायचा आणि मोबाइलच्या इमेज सेन्सरनं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपनं, त्यातली माहिती वाचायची. तक्रारही ठरलेली. "सर, दिवा चमकतोय, कोड बरोबर हाय, पण मोबाइलमध्ये पट्टेच दिसंनात." मी विचारतो, "एक्स्पोजर किती ठेवलंयस? एका ओळीला किती वेळ लागतो तुझ्या कॅमेऱ्यात?" त्यावर उत्तर येत नाही.

चूक हुशारीची नाही, क्रमाची आहे. पोरं आधी दिव्याचा वेग ठरवतात, सर्किट सोल्डर करतात आणि मग कॅमेरा समोर धरतात. काम उलट्या बाजूनं करायचं असतं. वाचणारा सेन्सर आपण बनवलेला नाही, त्याचा वेग आपल्याला बदलता येत नाही. म्हणून आधी तो मोजायचा आणि दिवा त्याच्या चालीनं चालवायचा. पुढचे टप्पे त्याच क्रमानं दिलेत. एखादा टप्पा ओलांडून पुढं गेलात तर बहुधा तिथंच परत यावं लागेल.

## कामापुरतं तत्त्व

मोबाइलचा सीमॉस सेन्सर सगळं चित्र एका क्षणी टिपत नाही. वरची ओळ आधी, मग तिच्या खालची, मग त्याखालची, अशा ओळी काही मायक्रोसेकंदांच्या अंतरानं उघडतात आणि वाचल्या जातात. याला रोलिंग शटर म्हणतात. दिवा लागलेला असताना जी ओळ उघडी होती ती उजळ येते, विझलेला असताना उघडी होती ती काळी. डोळ्याला दिवा सलग जळताना दिसतो, चित्रात मात्र पट्टे उमटतात. सेकंदाला ३० फ्रेम घेणारा कॅमेरा त्यामुळं सेकंदाला ३० नव्हे, काही हजार बदल ओळखू शकतो.

ग्लोबल शटरच्या सेन्सरमध्ये सगळ्या ओळी एकाच वेळी उघडतात, म्हणून तिथं पट्टे येत नाहीत. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासाठी दोन्ही प्रकारचे कॅमेरे मिळतात. जास्त पैसे देऊन ग्लोबल शटरचा कॅमेरा आणलेला एक गट मी पाहिलाय. वस्तू उत्तम होती, पण या कामाला निरुपयोगी. रास्पबेरी पायच वापरायचा असेल तर आयएमएक्स २१९ सेन्सरचा साधा दुसऱ्या आवृत्तीचा कॅमेरा घ्या.

## टप्पा १ : साहित्य

फार काही लागत नाही :

- अर्डुइनो उनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड)
- १ वॅटचे ३ पांढरे एलईडी, ॲल्युमिनियमच्या चकतीवर बसवलेले
- १२ व्होल्ट, १ अँपिअरचा ॲडॉप्टर
- आयआरएलझेड ४४ एन मॉस्फेट (दिवा चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच)
- रेझिस्टर : ६.८ ओहम २ वॅटचा एक, २२० ओहमचा एक, १० किलोओहमचा एक
- ॲल्युमिनियमची पट्टी, साधारण ४० सेंटिमीटर लांब
- तेवढाच लांब आणि १० सेंटिमीटर रुंद बॅकलिट फ्लेक्सचा तुकडा
- मोबाइलसाठी पक्का स्टँड

पट्टी उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडं कटिंगमध्ये पडलेली मिळते. फ्लेक्स छापणाऱ्याकडं बॅकलिटचा उरलेला तुकडा मागा, चौकाचौकात फलक लागणाऱ्या आपल्या गावात त्याला तोटा नाही. तो प्रकाश छान पसरवतो आणि बटर पेपरसारखा पावसाळी हवेत सुरकुतत नाही.

मॉस्फेट घेताना नाव नीट वाचून घ्या. दुकानात आयआरएफ ५४० एन सहज पुढं केला जातो. तो पूर्ण उघडायला त्याच्या गेटला, म्हणजे नियंत्रणाच्या टोकाला, सुमारे १० व्होल्ट द्यावे लागतात. अर्डुइनोच्या ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो, तापतो आणि दिवा मंद लागतो. आयआरएलझेड मालिकेतला मॉस्फेट ५ व्होल्टच्या लॉजिकसाठीच बनवलेला आहे.

सावधान : घरातला तयार एलईडी बल्ब उघडून त्यात काही करू नका. आतल्या ड्रायव्हरचा कपॅसिटर वेगानं चालू-बंद होऊच देत नाही, आणि त्यात २३० व्होल्ट असतात. या प्रोजेक्टमध्ये १२ व्होल्टच्या वर जायचं कारण नाही.

## टप्पा २ : कॅमेऱ्याची स्वयंचलित कामं बंद करा

मोबाइलचा कॅमेरा चित्र सुंदर दिसावं म्हणून सतत काहीतरी दुरुस्त करत असतो, आणि त्याच्या दृष्टीनं आपले पट्टे म्हणजे दोष. नेहमीच्या कॅमेरा ॲपवर विसंबू नका. हातानं एक्स्पोजर, म्हणजे प्रकाश घेण्याचा वेळ, ठरवता येईल असं ॲप घ्या. ओपन कॅमेरा हे मोफत ॲप बऱ्याच अँड्रॉइड फोनवर चालतं. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन कॅमेरा एपीआयमध्ये कॅमेरा टू निवडावं लागतं, तेव्हाच हाताचे पर्याय दिसतात. काही स्वस्त फोनमध्ये ते दिसतच नाहीत. मग त्या फोनशी झटापट न करता मित्राचा फोन मागा.

मग या क्रमानं जा :

1. व्हिडिओ १०८० पी आणि ३० फ्रेमवर ठेवा. हा मोड प्रोजेक्ट संपेपर्यंत बदलायचा नाही.
2. इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण बंद करा. ते चित्र कापतं, सरकवतं, वाकवतं, मग ओळींचा हिशेब राहत नाही.
3. एचडीआर, नाइट मोड, ब्युटी बंद.
4. एक्स्पोजर हातानं १/२००० सेकंद. हे तात्पुरतं आहे, पुढं बदलू.
5. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० पासून सुरू करा.
6. व्हाइट बॅलन्स आणि फोकस लॉक करा.

सगळ्यात जास्त प्रोजेक्ट अडकतात ते एक्स्पोजरपाशी, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. प्रत्येक ओळ जितका वेळ उघडी राहते, तितक्या वेळातला सगळा प्रकाश ती गोळा करून एकच आकडा देते. दिवा त्या वेळात एकदा पूर्ण लागून विझला, तर प्रत्येक ओळीत सारखाच प्रकाश पडतो आणि पट्टे संपूर्ण नाहीसे होतात. म्हणजे दिवा १००० हर्ट्झवर असेल आणि एक्स्पोजर बरोबर १/१००० सेकंद असेल, तर चित्र गुळगुळीत राखाडी येणार. एक्स्पोजर याच्या दुप्पट, तिप्पट केलं तरी तेच. खोलीत उजेड कमी असला की स्वयंचलित कॅमेरा एक्स्पोजर १/३० पर्यंत लांबवतो, मग पट्टे दिसणार कुठून? "पट्टे दिसंनात" या तक्रारीचं कारण दहातल्या आठ वेळा मला इथंच सापडतं.

तपासा : एक्स्पोजर १/२००० वर ठेवून खोलीकडं पाहा. चित्र जवळजवळ काळं दिसायला हवं. छान उजळ दिसत असेल तर ॲप तुमचं ऐकत नाही.

## टप्पा ३ : दिवा जोडा

तिन्ही एलईडी एकामागं एक जोडा. प्रत्येकावर सुमारे ३.२ व्होल्ट, म्हणजे एकूण ९.६. उरलेले २.४ व्होल्ट ६.८ ओहमवर पडले की प्रवाह साधारण ३५० मिलिअँपिअर येतो. रेझिस्टरमध्ये सुमारे ०.८५ वॅट उष्णता होते, म्हणून २ वॅटचा सांगितला. दिवा निम्मा वेळच लागणार, मग पाव वॅटचा चालेल, असा हिशेब करू नका. कोड अडकला आणि पिन चालू स्थितीतच राहिली तर तो रेझिस्टर जळेल.

ॲडॉप्टरच्या धन टोकापासून रेझिस्टर, मग तीन एलईडी, मग मॉस्फेटचा ड्रेन. सोर्स ग्राउंडला. अर्डुइनोची ९ नंबरची पिन २२० ओहममधून गेटला. गेट आणि ग्राउंडच्या मध्ये १० किलोओहम, म्हणजे अर्डुइनो सुरू होत असताना दिवा आपोआप लागत नाही. अर्डुइनोचा ग्राउंड आणि ॲडॉप्टरचा ग्राउंड एकमेकांना जोडायचाच. हा राहिला की दिवा चित्रविचित्र वागतो आणि पोरं दोन दिवस कोड तपासत बसतात.

तीन चकत्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर साधारण १३ सेंटिमीटर अंतरानं बसवा. पट्टीपुढं चार-पाच बोटं अंतर सोडून फ्लेक्स ताणून लावा. पॅनेल लांबट का करायचं ते टप्पा ६ मध्ये येईल.

सावधान : उघड्या १ वॅटच्या एलईडीकडं टक लावून पाहू नका, फ्लेक्स लावूनच चाचणी घ्या. १०० हर्ट्झच्या खाली दिवा चमकवून कुणाला दाखवू नका. काही लोकांना त्याचा खरोखर त्रास होतो.

## टप्पा ४ : एका ओळीचा वेळ मोजा

हा या लेखाचा गाभा. याला अर्धा तास द्या.

अर्डुइनोच्या टोन फंक्शननं ९ नंबरच्या पिनवर ५०० हर्ट्झची चौकोनी लहर द्या. मोबाइल आडवा धरून पॅनेल इतकं जवळ घ्या की चित्राची पूर्ण उंची उजळेल. एवढं जवळ जमत नसेल तर पांढऱ्या भिंतीवर प्रकाश पाडून भिंतीचा व्हिडिओ घ्या. पाच सेकंद पुरेत.

व्हिडिओतली एक फ्रेम मूळ आकारात, पीएनजी म्हणून बाहेर काढा. स्क्रीनशॉट चालणार नाही, त्यात आकार बदललेला असतो. व्हॉट्सॲपवरून संगणकावर पाठवलेला व्हिडिओही चालणार नाही, कारण तो पुन्हा दाबून लहान केलेला असतो. केबलनंच घ्या.

आता उजळ पट्ट्याच्या सुरुवातीपासून त्यानंतरच्या दहाव्या उजळ पट्ट्याच्या सुरुवातीपर्यंत किती ओळी आहेत ते मोजा. समजा १००० आल्या. म्हणजे लहरीच्या एका फेरीला १०० ओळी. ५०० हर्ट्झची एक फेरी २००० मायक्रोसेकंदांची, म्हणून एका ओळीचा वेळ २० मायक्रोसेकंद. एकच पट्टा मोजून भागाकार करू नका. कडा धूसर असतात, दोन-तीन ओळींची चूक सहज होते. दहा फेऱ्यांवर ती चूक दहा भागांत वाटली जाते.

पुढची सगळी उदाहरणं २० मायक्रोसेकंद धरून आहेत. तुमच्या फोनचा आकडा वेगळा येईल, तो वापरा. अँड्रॉइडमध्ये प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना रोलिंग शटर स्क्यू नावाचा आकडा (सगळ्या ओळींना मिळून लागणारा वेळ) नॅनोसेकंदांत थेट मिळू शकतो. तरी मी मोजायलाच सांगतो, कारण व्हिडिओत सेन्सरचं चित्र लहान करून येतं आणि आपल्याला व्हिडिओतल्या ओळीचा वेळ हवा असतो.

आता दुसरी गोष्ट काढा, फ्रेममधली फट. १०८० ओळी गुणिले २० म्हणजे २१.६ मिलिसेकंद. ३० फ्रेमला एका फ्रेमची वेळ ३३.३ मिलिसेकंद. उरलेले ११.७ मिलिसेकंद कॅमेरा आपल्यासाठी आंधळा असतो. दिवा त्या वेळात काहीही बोलला तरी ऐकू येत नाही.

तपासा : लहर १००० हर्ट्झ करा. पट्ट्यांमधलं अंतर बरोबर निम्मं झालं पाहिजे. झालं नाही तर मोजणी चुकली किंवा स्थिरीकरण अजून चालू आहे. मोबाइल उभा धरला तर पट्टे उभे दिसतील. घाबरू नका, ते नेहमी फोनच्या लांब कडेला समांतर असतात.

सावधान : ६० फ्रेम, ४ के किंवा फोटो मोडवर गेलात की ओळीचा वेळ बदलतो. फोन बदलला तरी बदलतो. एका गटानं एकाच्या फोनवर मोजून दुसऱ्याच्या फोनवर प्रात्यक्षिक ठेवलं होतं, परीक्षकांसमोर एकही आकडा वाचता आला नाही.

## टप्पा ५ : खण, एक्स्पोजर आणि पॅकेट ठरवा

दिवा एका स्थितीत कमीत कमी जितका वेळ राहतो त्याला मी या लेखात खण म्हणतो. एका खणाला १० ओळी द्या, म्हणजे २०० मायक्रोसेकंद. पाच ओळींतही काम होतं, पण व्हिडिओचं कॉम्प्रेशन बारीक पट्टे खाऊन टाकतं. सुरुवात दहानं करा, सगळं चाललं की कमी करून बघा.

एक्स्पोजर खणापेक्षा कमी हवं. २०० मायक्रोसेकंद म्हणजे १/५००० सेकंद, तेव्हा १/८००० किंवा त्याहून कमी ठेवा. चित्र फार काळं वाटलं तर एक्स्पोजर वाढवू नका, आधी पॅनेल जवळ घ्या, मग आयएसओ वाढवा. आणि पिक्सेलच्या उजेडाच्या ० ते २५५ या मापात उजळ पट्टा २५५ वर जाऊन ठेपू देऊ नका. २०० च्या आसपास असावा. पिक्सेल भरून वाहिले की उजळ पट्टे फुगतात आणि दोन खणांचा पट्टा तीन खणांसारखा दिसतो. तो फरक पुढं फार महत्त्वाचा आहे.

एक आणि शून्य थेट चालू-बंद असे पाठवायचे नाहीत. सलग आठ शून्यं आली तर दिवा तेवढा वेळ विझलेला राहील, उजेड लुकलुकेल आणि मोजणीही घसरेल. मँचेस्टर पद्धत वापरा : एकसाठी चालू-बंद, शून्यासाठी बंद-चालू. प्रत्येक बिटाला दोन खण. मजकूर काहीही असो, दिवा निम्मा वेळच लागतो आणि कुठलीही स्थिती सलग दोन खणांपेक्षा जास्त टिकत नाही. दिव्याच्या लुकलुकण्यासाठी आयईईई ८०२.१५.७ या प्रकाशातून माहिती पाठवण्याच्या मानकात ५ मिलिसेकंदांची, म्हणजे २०० हर्ट्झची मर्यादा धरली आहे. आपण तिच्या कितीतरी आत आहोत.

पॅकेटची, म्हणजे एका वेळी पाठवायच्या बिटांच्या गटाची, सुरुवात ओळखायला खूण हवी, आणि ती मजकुरात कधीच येऊ नये. मी ही देतो : एक खण बंद, तीन खण चालू, दोन खण बंद. मजकुरात सलग तीन खण चालू येऊच शकत नाही. आधीचा एक बंद खण असल्यामुळं मागच्या पॅकेटचं शेपूट खुणेला चिकटत नाही. चालू तीन, बंद तीन, म्हणजे तोलही राहतो.

खुणेमागं पाठवायचा ८ बिटांचा क्रमांक, त्यामागं ४ बिटांची पडताळणी. पडताळणीसाठी क्रमांकाच्या वरच्या आणि खालच्या चार बिटांचा एक्सॉर (बिट सारखे तर ०, वेगळे तर १) पुरतो. एकूण १२ बिटांचे २४ खण आणि खुणेचे ६, मिळून ३० खण. म्हणजे ३०० ओळी, ६ मिलिसेकंद.

सावधान : फ्रेमची वेळ पॅकेटच्या वेळेच्या पूर्ण पटीत येऊ देऊ नका. ३३.३ ला ६ नं भागलं की ५.५५ येतं, म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये पॅकेट वेगळ्या जागी पडतं आणि कधी ना कधी पूर्ण दिसतं. पॅकेट ६.६७ मिलिसेकंदांचं असतं तर भागाकार बरोबर ५ आला असता. मग प्रत्येक फ्रेममध्ये पॅकेट त्याच जागी कापलं जातं आणि पॅनेल लहान असेल तर तासभर चित्रण करूनही ते पूर्ण मिळत नाही. ही चूक शोधायला फार अवघड जाते, कारण बाकी सगळं बरोबर असतं.

## टप्पा ६ : अंतराचा हिशेब आधीच करा

"पाच मीटरवरून वाचू" असं प्रस्तावात लिहिण्याआधी हे करा. मोबाइल आडवा ठेवा, बरोबर १ मीटरवर भिंतीला उभी टेप लावा आणि चित्राच्या उंचीत किती सेंटिमीटर मावतात ते पाहा. समजा ७३. मग १ मीटरवर एका सेंटिमीटरला साधारण १५ ओळी मिळतात. २ मीटरवर त्याच्या निम्म्या.

प्रत्येक फ्रेममध्ये एक पूर्ण पॅकेट नक्की दिसायचं तर जवळजवळ दोन पॅकेटांइतक्या, म्हणजे ६०० ओळी पॅनेलनं झाकल्या पाहिजेत. १ मीटरवर त्यासाठी ४० सेंटिमीटर लागतात. म्हणूनच पट्टी ४० ची घेतली, आणि म्हणूनच ती लांबट आहे : पॅनेलची लांबी पट्ट्यांना आडवी, म्हणजे फोनच्या आखूड कडेला समांतर राहिली पाहिजे. रुंदी १० सेंटिमीटर पुरते. पॅनेल दुसऱ्या अंगानं धरलं तर तेच साहित्य चौपट कमी काम करतं. फोन आडवा असेल तर पॅनेल उभं, फोन उभा असेल तर पॅनेल आडवं.

६०० पेक्षा कमी ओळी मिळाल्या म्हणून सगळं बुडालं असं नाही. ४५० मिळाल्या तर साधारण निम्म्या फ्रेममध्ये पूर्ण पॅकेट सापडेल, सेकंदाला पंधरा वेळा. तोच क्रमांक वारंवार पाठवायचा असेल तर हे भरपूर झालं. ३०० च्या खाली मात्र काही मिळणार नाही, मग पॅकेट लहान करा.

फोकस मुद्दाम थोडा बिघडवला तर प्रकाशाचा डाग मोठा होतो आणि जास्त ओळी झाकतो. पट्टे त्यानं पुसले जात नाहीत, कारण ते दृश्यात नसतात, सेन्सरच्या वाचण्यात असतात. लांबून वाचताना ही युक्ती खरंच उपयोगी पडते, फक्त उजेड पसरून मंद होतो हे लक्षात ठेवा.

## टप्पा ७ : पाठवणारा कोड

अर्डुइनोत टायमर इंटरप्ट (ठरावीक वेळानं आपोआप चालणारा कोडचा तुकडा) लावा, दर २०० मायक्रोसेकंदांनी पुढचा खण पिनवर टाका. ३० खणांची यादी आधीच बनवून ठेवा, इंटरप्टमध्ये हिशेब नको.

- मुख्य लूपमध्ये डिलेवर वेळ साधू नका. मध्येच सिरियल प्रिंट आलं की खण लांबतात.
- उजेड कमी करायला ॲनालॉग राइट वापरू नका. उनोवर ९ नंबरच्या पिनवर ते स्वतःची सुमारे ४९० हर्ट्झची लहर घालतं, तुमचा मजकूर तिच्याखाली गाडला जातो. उजेड कमी हवा तर रेझिस्टर बदला.
- अर्डुइनोऐवजी ईएसपी ३२ हा वाय-फायवाला बोर्ड वापरत असाल तर चाचणी होईपर्यंत वाय-फाय बंद.

तपासा : क्रमांकाच्या जागी ०, २५५ आणि १७० हे तीन आकडे आळीपाळीनं घालून चित्र पाहा. क्रमांकाच्या भागात पहिल्या दोन्हींत एकसारखे बारीक पट्टे दिसतील, १७० मध्ये दुप्पट रुंद. प्रत्येकात खुणेचा जाड पट्टा नजरेनं ओळखता आला पाहिजे. डोळ्याला दिसत नसेल तर पायथनलाही दिसणार नाही.

## टप्पा ८ : वाचणारा कोड

पायथन आणि त्यातली चित्रं हाताळायची ओपन सीव्ही लायब्ररी पुरे. आधी साठवलेल्या व्हिडिओवर चालवा. थेट कॅमेऱ्यावर धावायची घाई करू नका, तिथं चूक पुन्हा तशीच घडवून पाहता येत नाही.

1. फ्रेम घ्या, आकार १९२० गुणिले १०८० आहे का ते बघा. काही प्रोग्रॅम व्हिडिओ आपोआप फिरवतात.
2. फक्त हिरवा रंग घ्या. सेन्सरवर हिरवे पिक्सेल इतरांच्या दुप्पट असतात, खरखर कमी येते.
3. पॅनेलचा भाग कापा आणि प्रत्येक ओळीची सरासरी काढा. आता चित्र उरलं नाही, १०८० किंवा कमी आकड्यांची एक रांग उरली.
4. त्या रांगेतून १०० ओळींची सरकती सरासरी वजा करा.
5. शून्याच्या वर ते चालू, खाली ते बंद.
6. प्रत्येक सलग तुकड्याची लांबी १० नं भागून जवळच्या पूर्णांकात आणा.
7. तीन खण चालू असलेला तुकडा शोधा. तो संपल्यावर दोन खण सोडून मजकूर सुरू.
8. दोन-दोन खणांच्या जोड्या लावा. दोन्ही सारखे असलेली जोडी आली तर पॅकेट टाकून द्या.
9. पडताळणी जुळली तरच क्रमांक मोजा.

चौथी पायरी गाळण्याचा मोह होतो. गाळू नका. पॅनेल मधे उजळ, कडेला मंद असतं, त्यामुळं सगळ्या चित्राला एकच मर्यादा लावली की कडेचे पट्टे हरवतात. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून खोलीतल्या ट्यूबलाइटचा उजेड १०० हर्ट्झनं वरखाली होतो आणि चित्रात दोन रुंद लाटा उमटतात. सरकती सरासरी या दोन्ही गोष्टी बऱ्यापैकी काढून टाकते. पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन थेट पॅनेलवर येत असेल तर मात्र पडदाच लावा.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते, आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये तर हमखास. बाहेरून भिजून आलेल्या फोनच्या लेन्सवर बाष्प बसतं, काळे पट्टे राखाडी होतात आणि काल चालणारा कोड आज चालत नाही. कोडला हात लावण्याआधी लेन्स पुसा.

## टप्पा ९ : मोजा आणि खरं लिहा

अंतर २५, ५०, ७५, १००, १५० सेंटिमीटर. प्रत्येक अंतरावर ३०० फ्रेम, दिवे लावून आणि बंद करून. किती फ्रेममध्ये पॅकेट मिळालं, किती पॅकेट पडताळणीत नापास झाले, किती पास होऊनही चुकीचे निघाले, हे तीन रकाने वेगवेगळे ठेवा. तिसरा रकाना बहुतेक गट ठेवतच नाहीत, पण ४ बिटांच्या पडताळणीतून चुकीचं पॅकेट सुटू शकतं. तोच क्रमांक लागोपाठ तीनदा आला तरच खरा धरायचा, म्हणजे हा धोका बराच कमी होतो. टक्केवारी काढताना भागायचं ते सगळ्या ३०० फ्रेमनी, फक्त जमलेल्या फ्रेमनी नव्हे.

वेगाचा आकडा लिहिताना प्रामाणिक राहा. एका बिटाला ४०० मायक्रोसेकंद, म्हणून दिवा सेकंदाला २५०० बिट बोलतो. पण ते सगळं पोहोचत नाही. दर फ्रेमला एक पॅकेट धरलं तर सेकंदाला ८ गुणिले ३०, म्हणजे २४० बिट, आणि तेही तोच क्रमांक पुन्हापुन्हा. वेगवेगळा मजकूर पाठवायचा असेल तर फटीत काही हरवू नये म्हणून प्रत्येक पॅकेट दोन फ्रेमपेक्षा जास्त वेळ, समजा १२ वेळा, पाठवावं लागतं. त्याला ७२ मिलिसेकंद लागतात. आठातले दोन बिट अनुक्रमासाठी दिले तर हाती सेकंदाला सुमारे ८० बिट येतात. अहवालात हे तिन्ही आकडे लिहा, कुठला काय ते सांगून. फक्त २५०० लिहिलेला अहवाल मी परत पाठवतो.

८० बिट ऐकून पोरांची तोंडं उतरतात. एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये साध्या सीमॉस कॅमेऱ्याच्या रोलिंग शटरवरच हा मार्ग दाखवला, त्यांच्याशी तुमच्या कामाची तुलना योग्य आहे. जपानमध्ये नागोया आणि शिझुओका इथं गाड्यांच्या दिव्यांसाठी जे काम झालं त्यातले मेगाबिटचे आकडे मात्र दळणवळणासाठी खास बनवलेल्या सेन्सरचे आहेत. त्यांच्या शेजारी आपला मोबाइल उभा करायचा नाही. आपल्या कामाची जागा वेगळी आहे : शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेडमध्ये प्रत्येक यंत्रावरच्या दिव्यानं आपला क्रमांक सांगावा आणि देखभाल करणाऱ्यानं फोन धरून तो वाचावा. ८ बिटांत २५६ यंत्रं मावतात, आणि अर्ध्या सेकंदात क्रमांक मिळाला तरी कुणाचं काही अडत नाही.

## टप्पा १० : प्रात्यक्षिकाचा दिवस

ज्या फोनवर मोजलं तोच फोन, चार्ज केलेला. ॲप आपोआप अपडेट होणं आदल्या आठवड्यातच बंद करा. सेटिंगचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा, कारण ॲप बंद होऊन उघडलं की एक्स्पोजर पुन्हा स्वयंचलित होऊ शकतं. पॅनेल आणि फोनच्या जागा जमिनीवर टेपनं आखून ठेवा. वीज गेली तर अर्डुइनो पॉवर बँकेवर चालेल, पण दिव्याला १२ व्होल्ट लागतील, म्हणून १२ व्होल्टची छोटी बॅटरी सोबत घ्या.

परीक्षक आल्यावर थेट क्रमांक दाखवू नका. आधी स्वयंचलित एक्स्पोजरवर गुळगुळीत दिसणारं पॅनेल दाखवा, मग त्यांच्यासमोर १/८००० करून पट्टे उमटलेले दाखवा. मग त्यांनाच ० ते २५५ मधला एक आकडा विचारा, अर्डुइनोत घाला आणि फोन त्यांच्या हातात द्या. फोन हातात घेतल्यावर ते तो फिरवतील, तेव्हा "आडवाच धरा" असं आधीच सांगा.